चाइव्ह्ज: बुडखा सांभाळा, पात येत राहील

कांदा आपण कंदासाठी लावतो, लसूण पाकळ्यांसाठी. त्याच कुळातलं चाइव्ह्जचं रोप मात्र केवळ पातीसाठी लावतात. कांदा एकदा उपटला की वाफा रिकामा होतो. चाइव्ह्ज उपटायचे नसतातच. पात कापायची, खालचं रोप तसंच ठेवायचं आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा कापायची. नीट सांभाळलं तर एका कुंडीतलं रोप अनेक वर्षं पात देतं.

तरीही आपल्याकडे गच्चीत किंवा बाल्कनीत लावलेले चाइव्ह्ज बऱ्याचदा पहिल्याच उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात जातात. याचं मुख्य कारण असं की, आपण पातीकडे बघून रोपाची देखभाल करतो. पात सुकली की पाणी वाढवतो, पिवळी पडली की खत घालतो, हवी तेव्हा हवी तिथून तोडतो. या रोपाचा जीव पातीत नाही, मातीलगतच्या बुडख्यात आहे. लावणीपासून कापणीपर्यंतचा प्रत्येक नियम त्या बुडख्यातून निघतो, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

मातीखाली काय असतं

चाइव्ह्जचा एक ठोंब उपटून पाण्यात धुतला, तर एकमेकांना चिकटलेले बारीक, लांबट, पांढरे कंद दिसतात. कांद्यासारखे ते गोल फुगत नाहीत. लांबी दोन-तीन सेंटिमीटर आणि जाडी फार तर सेंटिमीटरभर. प्रत्येक कंदाच्या तळाशी एक छोटी टणक चकती असते. कांदा चिरताना मुळांकडचा जो कडक भाग आपण कापून टाकतो, तोच हा भाग. वनस्पतीच्या दृष्टीने ते आखूड झालेलं खोड आहे. खालून त्याला मुळं फुटतात आणि वरून पाती.

नवी पात नेहमी मधून येते आणि जुन्या पाती बाहेर ढकलल्या जातात. पातीची वाढ टोकाकडून होत नाही, तळाकडून होते. त्यामुळे टोक कापलं तरी कोवळी पात खालून वर सरकत राहते. हिरवळ कितीही वेळा कापली तरी पुन्हा वाढते, त्यामागेही हेच कारण आहे. शिवाय चकतीच्या बाजूने नवे फुटवे निघतात, त्यांचे स्वतंत्र कंद होतात आणि एका रोपाचा हळूहळू दाट ठोंब तयार होतो.

यातून तीन गोष्टी लक्षात येतात. चकती शाबूत आहे तोवर पात पुन्हा येणार. पातच उन्हात अन्न तयार करून कंदात साठवते, म्हणून सगळी पात वरचेवर ओरबाडली तर कंद रिकामा होत जातो. आणि ही चकती साचलेल्या पाण्यात सडते, तर कडक उष्णतेत तिचं काम थांबतं. मुळंही बारीक आणि उथळ असतात. मातीचा वरचा वीतभर थर हेच त्यांचं घर. तो थर पूर्ण कोरडा पडला किंवा चिखल झाला की त्याचा परिणाम लगेच दिसतो.

दोन वेगळी रोपं

नर्सरीत ‘चाइव्ह्ज’ मागितल्यावर दोन वेगळ्या वनस्पतींपैकी कोणतीही हातात पडू शकते. त्यांतला फरक ओळखणं महत्त्वाचं आहे, कारण महाराष्ट्राच्या हवेत त्यांचं वागणं सारखं नसतं.

पहिलं रोप म्हणजे साधे चाइव्ह्ज. शास्त्रीय नाव ॲलियम शोनोप्रासम. पात नळीसारखी गोल आणि आतून पोकळ, सुतळीइतकी बारीक, फूटभर किंवा थोडी जास्त उंच. वास सौम्य कांद्याचा. फुलं फिकट जांभळी, गोल झुपक्यात येणारी. युरोप, आशिया आणि उत्तर अमेरिका या तिन्ही खंडांत हे रोप मुळात रानात उगवतं. हिमालयाच्या उंच भागातही ते आढळतं. मूळ ठिकाणांवरून त्याचा स्वभाव कळतो. त्याला थंडी मानवते, 17 ते 25 अंशांच्या आसपास ते जोमाने वाढतं आणि उष्णता वाढली की मलूल होतं. फुलण्यासाठीही त्याला चांगली थंडी लागते, त्यामुळे आपल्या मैदानी भागात फूल क्वचितच दिसतं. पातीसाठी लावणाऱ्याला त्याची काळजी करायची गरज नाही.

दुसरं रोप म्हणजे गार्लिक चाइव्ह्ज, शास्त्रीय नाव ॲलियम ट्यूबरोसम. याची पात चपटी आणि भरीव, वास स्पष्ट लसणाचा, फुलं पांढरी आणि चांदणीसारखी. हे मूळचं चीनमधलं. तिथे डंपलिंगच्या सारणात ते भरपूर वापरतात. जपान आणि कोरियातही ते रोजच्या जेवणातलं आहे. भारतात ते बघायचं असेल तर मणिपूरकडे बघावं. तिथल्या परसबागेत ‘मरोई नाकुप्पी’ या नावाने ही लसणाच्या वासाची चपटी पात जपलेली असते आणि इरोंबासारख्या घरगुती पदार्थांवर ती चिरून घालतात. उष्ण आणि दमट हवा हे रोप साध्या चाइव्ह्जपेक्षा कितीतरी चांगली सोसतं.

निवड आपल्या गावाच्या हवेवरून करावी. महाबळेश्वर-पाचगणीसारख्या थंड ठिकाणी साधे चाइव्ह्ज वर्षभर बरे राहतात. पुणे, नाशिक, सातारा या पट्ट्यात ते हिवाळ्यात सुरेख येतात आणि उन्हाळ्यात सावलीचा आधार मागतात. मुंबई, कोकण आणि गोव्यात गार्लिक चाइव्ह्ज लावणं शहाणपणाचं. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात साधे चाइव्ह्ज टिकवणं कठीण असतं. तिथे ते ऑक्टोबर ते मार्च असं हंगामी पीक समजून लावावेत आणि कायमस्वरूपी ठोंबासाठी गार्लिक चाइव्ह्ज घ्यावेत.

ओळखण्यात चूक होऊ नये

आपल्या कुंड्यांमध्ये आणखी एक झाड अगदी अशाच दिसणाऱ्या पानांचं असतं. पहिल्या पावसात गुलाबी, पांढरी किंवा पिवळी फुलं देणारी रेन लिली घरोघरी असते. तिचीही पानं बारीक आणि गवतासारखी, कंदही कांद्यासारखा. पण रेन लिली विषारी आहे. कंद किंवा पानं पोटात गेली तर उलट्या आणि पोटाचा त्रास होतो.

ओळखायची खूण वास ही आहे. हात स्वच्छ धुवून एकच पात चुरडायची. कांद्याचा किंवा लसणाचा वास आला नाही तर ती खायची नाही. कोणी न ओळखता दिलेला ठोंब असेल तर ही परीक्षा घेतल्याशिवाय स्वयंपाकघरात आणू नये. आणि या दोन झाडांच्या कुंड्या शेजारी ठेवू नयेत, म्हणजे घाईच्या वेळी कात्री चुकीच्या कुंडीत जाणार नाही.

बियांपासून की ठोंबापासून

ठोंब मिळाला तर काम सोपं होतं. कोणाकडे जुनी कुंडी असेल तर पाच-सात कंदांचा एक पुंजका मागून आणावा. नर्सरीतून रोप घेताना पातीच्या उंचीपेक्षा बुडखा बघावा. मातीलगत दाबून पाहिल्यावर तो टणक लागला पाहिजे. मऊ, बुळबुळीत किंवा कुबट वासाचा असेल तर रोप घेऊ नये.

बियांपासून लावायचं असेल तर पहिली अट ताज्या बियांची. कांदावर्गातलं बी लवकर जुनं होतं. वर्ष-दोन वर्षांत त्याची उगवण झपाट्याने घटते. पाकिटावरची तारीख बघून घ्यावं आणि उरलेलं बी घट्ट झाकणाच्या डबीत फ्रिजमध्ये ठेवावं. शंका असेल तर ओल्या कापडात दहा बिया गुंडाळून ठेवून किती उगवतात ते आधी पाहावं.

पेरणीला उत्तम काळ म्हणजे पाऊस संपून हवेत गारवा यायला लागतो तेव्हाचा, साधारण दसऱ्यापासून कार्तिकापर्यंत. बी 15 ते 21 अंशांना छान उगवतं आणि रोपाला पुढे थंडीचे तीन-चार महिने मिळतात. या काळात रुजलेला बुडखाच पहिला उन्हाळा काढू शकतो. फेब्रुवारीत पेरलेलं रोप कोवळं असतानाच त्याला उन्हाळा गाठतो.

ट्रेच्या एका कप्प्यात किंवा एका छोट्या कुंडीत आठ-दहा बिया एकत्र पेराव्यात. हे रोप मुळात झुपक्यात वाढणारं असल्यामुळे विरळणी करावी लागत नाही. बियांवर अर्धा ते एक सेंटिमीटर माती असावी. त्यांना उगवायला अंधार मानवतो. पाणी फवाऱ्याने द्यावं, नाहीतर हलक्या काळ्या बिया वाहून एका कडेला गोळा होतात. उगवायला एक ते तीन आठवडे लागतात, तोवर वरची माती कोरडी पडू देऊ नये.

अंकुर सरळ वर येत नाही. तो मधे दुमडलेला, कमानीसारखा बाहेर पडतो आणि बऱ्याचदा त्याच्या टोकाला काळं टरफल अडकलेलं असतं. ते ओढून काढायच्या भानगडीत पडू नये, मूळ तुटतं. काही दिवसांत अंकुर आपोआप सरळ होतो. सुरुवातीचे काही आठवडे रोपं केसासारखी बारीक दिसतात आणि वाढ थांबली की काय असं वाटतं. त्या काळात मुळं वाढत असतात. पात आठ-दहा सेंटिमीटर झाली की सगळा झुपका मातीच्या गोळ्यासकट मोठ्या कुंडीत हलवावा.

कुंडी आणि माती

वीतभर खोल आणि आठ ते दहा इंच व्यासाची कुंडी एका ठोंबाला पुरते. मातीची कुंडी असेल तर उत्तम, कारण तिच्या भिंतींतून पाणी झिरपतं आणि मुळांभोवती गारवा राहतो. प्लास्टिकची असेल तर काळी टाळावी. दुपारच्या उन्हात ती मुळांजवळ फार तापते.

तळाला भोकं हवीतच. पाणी लवकर निघावं म्हणून कुंडीच्या तळाशी विटांच्या तुकड्यांचा किंवा खडीचा जाड थर देण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात बारीक मातीतून जाड खडीत पाणी सहज उतरत नाही; ते थराच्या वर, मातीतच अडून राहतं. म्हणजे चिखलाचा भाग बुडख्याच्या आणखी जवळ येतो. भोकावर एक खापर किंवा जाळीचा तुकडा ठेवावा आणि बाकी सगळी कुंडी एकाच मिश्रणाने भरावी.

मिश्रण असं: दोन भाग बागेची चाळलेली माती, एक भाग कोकोपीट, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि अर्धा भाग जाड वाळू. काळी चिकण माती असेल तर वाळूचं प्रमाण दुप्पट करावं. कोकोपीटमध्ये क्षार असतात, म्हणून ते एक-दोनदा पाण्यात भिजवून पिळून मगच वापरावं. मूठभर निंबोळी पेंड मिसळली तर चांगलंच. ओल्या मिश्रणाची मूठ वळली आणि बोटाने टोचताच फुटली, तर निचरा ठीक आहे.

ठोंब लावताना तो आधी जितका खोल होता तितकाच ठेवावा. कंद मातीत आणि पातीची मान मातीच्या वर, हे प्रमाण सांभाळायचं. मान गाडली गेली तर पाणी गाभ्यात साचतं आणि सड सुरू होते.

ऊन आणि पाणी

चाइव्ह्जना रोज पाच-सहा तास ऊन लागतं. फ्लॅटमध्ये दिशा बघून जागा ठरवावी. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, म्हणून दक्षिणेच्या बाल्कनीत त्या महिन्यांत चांगलं ऊन येतं आणि नेमका तोच चाइव्ह्जचा हंगाम. पूर्वेची बाल्कनी वर्षभर चांगली, कारण सकाळचं ऊन मऊ असतं. पश्चिमेच्या उन्हात हिवाळा निभावतो, पण मार्चनंतर कुंडी तिथून हलवावी. उत्तरेच्या खिडकीत पात फिकट, लांब आणि लोळणारी येते.

पाण्यासाठी वेळापत्रकापेक्षा बोटावर भरवसा ठेवावा. बोटाचं पहिलं पेर मातीत घालावं. कोरडं लागलं तर तळातून निथळेपर्यंत पाणी द्यावं, ओलं असेल तर थांबावं. हिवाळ्यात हे साधारण एक-दोन दिवसांआड येतं, उन्हाळ्यात रोज सकाळी. पाणी झारीने मातीवर घालावं, पातीवर नको. रात्रभर ओली राहिलेली पात बुरशीला आमंत्रण देते. कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाकावं.

बोअरिंगचं जड पाणी वापरत असाल तर काही महिन्यांत मातीवर पांढरट थर येतो आणि पातीची टोकं करपतात. महिन्यातून एकदा कुंडीच्या आकाराइतकं भरपूर पाणी हळूहळू ओतून क्षार धुऊन काढावेत. पावसाचं पाणी साठवलेलं असेल तर त्याहून चांगलं काही नाही.

कापणी कशी करावी

पात वीतभर उंच होईपर्यंत कापू नये. बियांपासून केलेल्या रोपाला यासाठी दोन ते अडीच महिने लागतात. तोवर पातीने कंद भरू द्यावा.

नंतर धारदार स्वच्छ कात्रीने, मातीपासून तीन ते पाच सेंटिमीटर वर कापावं. बरेच जण वरची टोकं छाटतात. तसं केलं की उरलेली अर्धवट पात तपकिरी पडते आणि ठोंब विस्कटलेला दिसतो. पात पूर्ण लांबीची घ्यावी, पण मोजकीच घ्यावी. थोडी हवी असेल तर बाहेरच्या बाजूच्या जुन्या पाती आधी कापाव्यात आणि मधल्या कोवळ्या ठेवाव्यात. एका वेळी ठोंबाचा तिसरा हिस्सा घेतला तर रोपाला काही जाणवत नाही. रोज लागत असेल तर तीन कुंड्या ठेवून आळीपाळीने कापावं. प्रत्येक कुंडीला तीन-चार आठवडे विश्रांती मिळते.

अधूनमधून, साधारण हंगामातून दोन-तीनदा, सगळा ठोंब एकदम कापला तरी चालतो. त्याने जुनी राठ पात जाते आणि नवी एकसारखी येते. पण हे फक्त हिवाळ्यातल्या जोमदार वाढीत करावं, मे महिन्यात नाही. पात हाताने ओढून तोडू नये. ओढली की बारीक कंद चकतीसकट उपटून येतो.

गार्लिक चाइव्ह्जला फुलदांडा आला तर तो कळी असतानाच कापून भाजीत घालावा. तो कोवळा असतो आणि चवदार लागतो. फुलं ठेवली तर मधमाश्या येतात, पण बी पडून शेजारच्या कुंड्यांमध्ये रोपं उगवतात, म्हणून बोंडं काळी होण्याआधी काढावीत.

खत किती

प्रत्येक कापणीत आपण रोपाकडून काही घेतो, ते परत द्यावं लागतं. महिन्यातून एकदा एक मूठ गांडूळखत मातीच्या वरच्या थरात हलक्या हाताने मिसळावं. पातळ केलेलं जीवामृत किंवा गांडूळपाणी पंधरा दिवसांनी दिलं तरी पुरे. यापेक्षा जास्त नको. नत्र वाढलं की पात जाड आणि मऊ होते, वास पातळ होतो आणि मावा लवकर येतो. कडक उन्हाळ्यात खत पूर्ण थांबवावं. वाढ मंदावलेल्या रोपाला ते पचत नाही.

उन्हाळा, पावसाळा आणि बर्फ

मार्च संपताना साध्या चाइव्ह्जची टोकं वाळायला लागतात आणि नवी पात कमी होते. हा आजार नाही, उष्णतेला दिलेलं उत्तर आहे. अशा वेळी खूप पाणी घालून उपयोग होत नाही. वाढ थांबलेली असताना जास्तीच्या पाण्याने बुडखा कुजतो. कुंडी सकाळचं दहापर्यंतचं ऊन मिळेल अशा ठिकाणी हलवावी किंवा वर हिरवी शेडनेट बांधावी. मातीवर वाळलेल्या पानांचं आच्छादन द्यावं, मात्र पातीच्या मानेपासून बोटभर दूर. कापणी अगदी कमी करावी. काही ठोंबांची पात पूर्ण वाळते. तरी कुंडी लगेच रिकामी करू नये. बोटाने माती सारून कंद दाबून बघावा. टणक असेल तर जीव आहे, हवा गार झाल्यावर तो फुटू शकतो.

पावसाळ्यात धोका उलटा असतो. सततच्या पावसाने माती दिवसेंदिवस ओली राहते. कुंड्या पागोळीखालून काढून छपराच्या आत घ्याव्यात, दोन विटांवर उचलून ठेवाव्यात आणि ठोंबांत हवा खेळती ठेवावी. पिवळी पात रोज काढून टाकावी. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्या घरांमध्ये ही पातही वर्ज्य होते, कारण ती त्याच कुळातली आहे. रोपाच्या दृष्टीने ही चार महिन्यांची सुट्टी फायद्याची ठरते: बुडखा भरतो आणि दिवाळीनंतर पात जोमाने येते.

लंडन, टोरांटो किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी गोष्ट वेगळी आहे. तिथे साधे चाइव्ह्ज अंगणात सहज वाढतात, पण कडक थंडीत पात पूर्ण नाहीशी होते आणि जागा मोकळी दिसते. रोप मेलं असं समजून ती जागा खणू नये. वसंतात बर्फ वितळला की अगदी सुरुवातीला उगवणाऱ्या पातींमध्ये चाइव्ह्ज असतात आणि पुढे जांभळी फुलंही भरपूर येतात. ती फुलं खाण्याजोगी असतात. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये घातली तर त्याला गुलाबी रंग आणि कांद्याचा सौम्य स्वाद येतो.

कीड आणि रोग

कांद्याच्या शेतातले बहुतेक शत्रू इथेही येतात, फक्त प्रमाण कमी असतं.

*फुलकिडे.* पातीवर चंदेरी-पांढरे ओरखडे दिसतात. कीड अगदी बारीक असते आणि पातींच्या बेचक्यात, मानेजवळ लपते, त्यामुळे वरवर फवारून ती जात नाही. ठोंब निरोगी असेल तर सगळी पात तीन-चार सेंटिमीटरवर कापून घराबाहेर टाकावी. किडीचा मोठा भाग तिच्यासोबत जातो. मग उरलेल्या बुडख्यावर पाण्याचा जोरदार फवारा मारावा. कुंडीजवळ निळा चिकट सापळा लावावा.

*मावा.* गार्लिक चाइव्ह्जवर काळा मावा झुंडीने येतो. एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थेंबभर सौम्य द्रव साबण मिसळून संध्याकाळी फवारावं, आठवड्याने पुन्हा. फवारल्यानंतर आठवडाभर पात खाऊ नये आणि नंतर धुवूनच वापरावी.

*जांभळा करपा.* दमट हवेत पातीवर लांबट, खोलगट, जांभळट डाग पडतात आणि पात तिथून मोडते. डागाळलेली पात कापून कचऱ्यात टाकावी, कंपोस्टमध्ये नाही. पातीवर पाणी पडू देऊ नये आणि कुंड्यांमध्ये अंतर ठेवावं.

*तांबेरा.* पातीवर नारिंगी, पुटकुळ्यांसारखे ठिपके येतात. उपाय तोच: कापणं, हवा आणि कोरडी पात.

*बुडखा सड.* पात मुळाकडून पिवळी पडते, लोळते, ओढताच हातात येते आणि कुबट वास येतो. हा एकच रोग असा आहे ज्यात वाट बघून चालत नाही. ठोंब काढून मऊ कंद फेकावेत, टणक कंद धुवून सावलीत दिवसभर सुकवावेत आणि नव्या मातीत लावावेत.

पातीची लक्षणं वाचायला शिकलं की चुकीचे उपाय टळतात. फक्त टोकं वाळत असतील तर उष्णता, कोरडेपणा किंवा क्षार. मुळाकडून पिवळेपणा असेल तर जास्त पाणी. सगळीच पात फिकट असेल तर खताची कमतरता. पात दिवसेंदिवस बारीक होत असेल तर ऊन कमी पडतंय किंवा ठोंब फार दाटलाय.

ठोंब मोडून नवे करणं

दोन-तीन वर्षांत एका कुंडीत इतके कंद होतात की त्यांना माती पुरत नाही. पात बारीक होते, मधला भाग विरळ पडतो. तेव्हा ठोंब मोडायची वेळ झाली असं समजावं. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास हे काम करावं. आदल्या दिवशी पाणी द्यावं, कुंडी आडवी करून ठोंब सबंध बाहेर काढावा आणि बोटांनी पाच ते आठ कंदांचे पुंजके सोडवावेत. मुळं तीन-चार सेंटिमीटर आणि पात पाच सेंटिमीटर ठेवून बाकी छाटावी, म्हणजे कमी झालेल्या मुळांवर पातीचा भार येत नाही. नव्या मिश्रणात लावून आठवडाभर सावलीत ठेवावं. एका कुंडीतून सहज चार-पाच कुंड्या होतात; शेजारी आणि मैत्रिणींना द्यायला याहून चांगली भेट नाही.

स्वयंपाकघरात

न चिरलेल्या पातीला फारसा वास नसतो. पात कापली की पेशींमध्ये वेगवेगळे ठेवलेले दोन घटक, गंधकयुक्त द्रव्य आणि त्यावर काम करणारं विकर, एकत्र येतात आणि तेव्हा वास तयार होतो. हा वास उडून जाणारा असतो आणि उष्णतेने विकर निकामी होतं. म्हणून चाइव्ह्ज फोडणीत घालायचे नाहीत. पदार्थ चुलीवरून उतरवल्यावर, वाढायच्या आधी, ताजे कापून घालायचे.

पिठल्यावर, उकडलेल्या बटाट्यावर, घट्ट दह्यात किंवा भाकरीसोबतच्या लोण्यात ही पात छान मिसळते. ऑम्लेट आणि धिरड्यावर शेवटच्या क्षणी पेरावी. गार्लिक चाइव्ह्ज थोडे राठ असल्यामुळे थालीपिठाच्या पिठात किंवा भज्यांत घातले तरी स्वाद टिकतो. सुरीने चेचण्यापेक्षा कात्रीने कापलेली पात जास्त चांगली राहते.

वाळवली की ही पात चव गमावते. जास्त निघाली तर धुवून, पूर्ण कोरडी करून, चिरून डबीत फ्रीझरमध्ये ठेवावी. ताजी जुडी दमट कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये चार-पाच दिवस राहते.

घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर कुंडी त्यांच्या तोंडाला लागणार नाही अशा उंचीवर ठेवा. कांदा आणि लसणाप्रमाणे चाइव्ह्जही त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी नष्ट करतात, आणि मांजरांना तर थोडी मात्राही बाधते. पात घातलेलं उरलंसुरलं अन्नही त्यांना देऊ नये.

पहिल्यांदाच लावणार असाल तर गार्लिक चाइव्ह्जच्या एका ठोंबापासून सुरुवात करा; महाराष्ट्राच्या हवेत चुका सोसून उभं राहणारं रोप तेच आहे. त्याची कापणी आणि पाण्याची सवय हाताला बसली की पुढच्या दिवाळीनंतर साध्या चाइव्ह्जच्या बिया पेरा. आणि पात कशीही दिसो, काही ठरवण्याआधी माती सारून बुडखा बघा. तो टणक असेल तर रोपाला वेळ द्या.